ब्लास्ट बीट हाताला बसवताना

ड्रम्सवर डेथ मेटल, म्हणजे हेवी मेटलचा आक्रमक, वेगवान प्रकार, वाजवायला शिकायचं म्हणून माझ्याकडे येणारी मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "ताई, 200 ला कधी पोचणार?" म्हणजे मिनिटाला 200 मात्रांच्या (बीपीएमच्या) वेगाला. मी त्यांना 80 वर बसवते. तोंडं पडतात. माझंही पडलं होतं, तबल्याच्या प्रवेशिकेच्या वेळी. सरांनी 'तिरकिट' महिनोन् महिने ठाय (संथ) लयीत घासून घेतलं होतं. त्या घासण्याचा उपयोग पुढे नेपाम डेथ हा बँड ऐकताना होईल, हे ना सरांना ठाऊक होतं ना मला.

आधी हिशेब. मेट्रोनोम 180 वर लावून पायांनी चौगुन वाजवलीत, म्हणजे मात्रेला चार ठोके, तर सेकंदाला 12 ठोके होतात. दोन पाय असल्यामुळे एका पायाला सहा. हे ऐकून छाती दडपते, पण एका पायाला सेकंदाला सहा ठोके जमणं अवघड नाही. अवघड आहे ते सहाच्या सहा सारखे येणं.

'ब्लास्ट बीट', म्हणजे हात-पायांचा अतिजलद, अखंड ठेका. हा शब्द रूढ करण्याचं श्रेय साधारणपणे नेपाम डेथचा ड्रमर मिक हॅरिस याला देतात. 1987 चा त्यांचा 'स्कम' हा अल्बम ऐकलात तर मूळ प्रकार कळेल: उजवा हात झांजेवर, त्याच्याबरोबर उजव्या पायाची किक (पेडलने वाजणारा मोठा ड्रम), आणि मधल्या प्रत्येक फटीत डाव्या हाताने स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम). किक-स्नेअर-किक-स्नेअर, बाकी काही नाही. हॅमर ब्लास्टमध्ये हात-पाय सगळे एकाच क्षणी पडतात. तिथे हात केसभर मागेपुढे झाला तरी 'थड' ऐवजी 'थ्रड' ऐकू येतं. बॉम्ब ब्लास्टमध्ये हात पहिल्या प्रकारासारखेच चालतात आणि खाली दोन्ही पायांची चौगुन अखंड सुरू असते. सुरुवात पहिल्याने करा. ग्रॅव्हिटी ब्लास्टचे व्हिडिओ बघून स्नेअरच्या कडेवर काठी घासत बसू नका. ती वेगळी कसरत आहे आणि तिची गरज फार उशिरा पडते.

मुख्य अडचण डाव्या हाताची. दोन वर्षं वाजवल्यावर मी पहिल्यांदा फोनवर स्वतःला रेकॉर्ड केलं आणि चक्क लाज वाटली. झांज खणखणीत, किक बरी, आणि स्नेअर कुठे आहे ते शोधावं लागत होतं. डावा हात नुसता वारा घालत होता. लोक हाच वेग समजतात: ठोके हलके करत नेले की आकडा आपोआप वाढतो. म्हणून माझा नियम असा, की स्नेअरचा आवाज पडला की तो वेग तुमचा नाही. पाच बीपीएम खाली या.

त्यासाठी रोज दहा मिनिटं फक्त डावा हात, सरावाच्या रबरी पॅडवर. काठी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, मनगट जवळजवळ स्थिर, आणि मागची तीन बोटं काठी ओढून सोडतात. काठी पॅडवरून स्वतः उसळते, तिला फक्त परत पाठवायचं. उशीवर वाजवू नका असं मी म्हणत नाही, पण उशीवर उसळी नसते, तिथे मनगट तयार होतं, बोटं नाहीत. खांदा कानाकडे चढायला लागला की थांबा. माझा चढतो, म्हणून समोर आरसा ठेवलाय.

पायांचं बोलायचं तर आधी स्टूल. मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या हव्यात. फार खाली बसलात तर प्रत्येक ठोक्याला अख्खी मांडी उचलावी लागते. टाच वर. माझ्या बाबतीत 150 च्या आसपासपर्यंत मांडीने काम भागतं, त्यापुढे घोट्याने. मधल्या पट्ट्यात काहीच धड जमत नाही, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. तिथे मी तुकड्यांनी जाते: 170 लावायचा, एक मात्रा चौगुन वाजवायची आणि तीन मात्रा गप्प बसायचं. आठवडाभराने दोन मात्रा वाजवून दोन गप्प. सलग मिनिटभर ओढण्यापेक्षा यात पाय लवकर शिकतो. नडगीत दुखायला लागलं तर त्या दिवशी बंद. आणि डबल पेडलचा डावा भाग दांडीमुळे जरा जड लागतो, तेव्हा निम्मा रियाज डाव्या पायाने सुरू करा.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्याचा विचार करा. आमच्या खालच्या काकू एकदा वर येऊन म्हणाल्या, "रोज सकाळी जात्यावर काय दळतेस गं?" पॅडचा आवाज हवेतून जात नाही, पेडलचा धक्का स्लॅबमधून जातो. जुनी गादी, त्यावर प्लायवूड, त्यावर रबरी मॅट, एवढ्याने काकूंचं दळण थांबलं. खऱ्या किटवर मात्र कानात बोळे घातल्याशिवाय बसू नका.

आता फिल्स, म्हणजे ठेक्याच्या मधे भरायचे छोटे तुकडे. सर्वांत सोपा आणि तरीही खतरनाक वाटणारा फिल म्हणजे पायांची चौगुन चालू ठेवून हात स्नेअरवरून टॉमवर (वरच्या छोट्या ड्रमवर) आणि तिथून फ्लोअर टॉमवर (जमिनीवरच्या मोठ्या टॉमवर) उतरवणं. टॉम बदलताना पाय अडखळतात, म्हणून आधी पाय चालू ठेवून हात नुसते हवेत फिरवून बघा. दुसरा साचा: उजवा हात, डावा हात, पाय, पाय. मात्रेत चार ठोके बसतात, तोंडाने 'तकधिमी' म्हणत वाजवा.

माझा आवडता फिल मात्र सरळ तबल्यातून उचललाय. तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. चार मात्रांच्या चौगुनीत 16 जागा असतात, सतरावी जागा म्हणजे पुढची सम, पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा. पाच ठोक्यांचा तुकडा घ्या: उजवा, डावा, पाय, पाय, उजवा. मग एक जागा रिकामी. पुन्हा तुकडा, पुन्हा एक रिकामी, आणि तिसरा तुकडा. मोजून बघा: तिसऱ्या तुकड्याचा पाचवा ठोका बरोबर समेवर पडतो. तो क्रॅश झांजेवर, खाली किकसकट मारायचा आणि तिथूनच ब्लास्ट पुन्हा सुरू. रिकाम्या जागा खाल्ल्यात तर दोन जागा आधीच पोचाल आणि गिटारवाला तुमच्याकडे बघेल. तो फार वाईट बघतो.

तीन आवर्तनं ब्लास्ट, चौथ्यात तिहाई, असं आधी 100 वर बसवा. 165 वर माझी तिहाई बिनचूक येते. 170 ला तिसऱ्या तुकड्यात डाव्या पायाचा ठोका गळतो, म्हणून सध्या मुक्काम 165 ला.