बडोदा मॅरेथॉनचा इतिहास लिहायचाय? आधी रस्ता पक्का करा

शहराच्या मॅरेथॉनचा इतिहास लिहायला बसलं की बहुतेकांची गाडी झेंडा कुणी दाखवला आणि प्रमुख पाहुणे कोण होते यातच अडकते. ही माहिती बातमीत आयती मिळते. पण पुढे वाचणाऱ्याला हवं असतं ते वेगळंच. त्या वर्षी शर्यत नक्की किती किलोमीटरची होती, कुठून कुठे गेली, किती जण सुटले, किती पोहोचले आणि किती वेळात? यातलं अंतर पक्कं नसेल तर बाकीचे आकडे हवेत राहतात.

मोठमोठ्या शर्यतीही यात फसल्या आहेत. न्यूयॉर्कला १९८१ साली अल्बर्टो सालाझारने २:०८:१३ वेळ दिली, जागतिक विक्रम म्हणून गाजली. नंतर मोजणी झाली तेव्हा मार्ग सुमारे दीडशे मीटर कमी भरला. बोस्टनची शर्यत १८९७ पासूनची, पण १९२७ मध्ये मार्ग लांबवेपर्यंत ती पूर्ण ४२.१९५ किलोमीटरची नव्हतीच. पुढे १९५६ पर्यंतची काही वर्षंही मार्ग कमी पडला होता. म्हणून ‘आजवरचा विक्रम’ असा एकच रकाना करू नका. मार्ग बदलला की विक्रमांची यादी नव्याने सुरू करा.

एका वर्षाला एक ओळ

एक्सेल किंवा गूगल शीट घ्या. रकाने असे: तारीख, वार, कितवी आवृत्ती, गट (फुल म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, हाफ म्हणजे अर्धी, दहा आणि पाच किलोमीटर), जाहीर अंतर, मार्ग, मोजणीचा दाखला आहे की नाही, नोंदणी, सुटलेले, पोहोचलेले, पुरुष विजेता, महिला विजेती, वेळ, वेळेचा प्रकार, माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ कच्ची समजा.

तारीख आणि वार दोन्ही लिहायचं कारण साधं आहे. शर्यत बहुधा रविवारी, बातमी सोमवारच्या अंकात. घाईत सोमवारची तारीख उतरवली जाते. वार जुळला नाही की चूक तिथेच सापडते.

आवृत्तीचा आकडा आणि वर्षांची वजाबाकी जुळेलच असं नाही. बोस्टनने २०२० साली रस्त्यावरची शर्यत रद्द केली, लोक आपापल्या गावी धावले, तरी ती १२४ वी धरली आणि २०२१ ची १२५ वी. आपल्याकडे एखादं वर्ष गाळलं गेलं असेल किंवा शर्यत एका हंगामातून दुसऱ्यात ढकलली असेल, तर त्या वर्षाची ओळ ठेवा आणि ‘झाली नाही’ असं स्पष्ट लिहा. रिकामी जागा सोडली तर पुढचा माणूस ती विसरलेली नोंद समजतो.

मार्ग शोधायचा कसा

आयोजकांच्या पत्रकातला नकाशा शोभेचा असतो. वळणं गुळगुळीत केलेली, चौक गाळलेले. त्याहून भरवशाचा कागद म्हणजे शर्यतीआधी निघणारी पोलिसांची वाहतूकबंदीची अधिसूचना. कुठला रस्ता कुठपासून कुठपर्यंत बंद, पर्यायी रस्ता कोणता, वेळ काय, हे त्यात चौकाचौकाने दिलेलं असतं. ती शर्यतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांच्या गुजराती वर्तमानपत्रांत, शहराच्या पानावर बघा. जुन्या अंकांसाठी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात (सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेलं) आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात चौकशी करा. जाताना तारखांची यादी हातात असू द्या. ‘मॅरेथॉनच्या बातम्या दाखवा’ म्हटलं तर कुणीच काही काढून देणार नाही.

नावांची खबरदारी घ्या. कमाटीबाग आणि सयाजीबाग एकच. काला घोडा सर्कल म्हणजे सयाजीरावांच्या अश्वारूढ पुतळ्याचा चौक. एका बातमीत एक नाव, दुसरीत दुसरं, आणि नकाशावर दोन ठिकाणं दाखवून मोकळे झालेले लोक आहेत.

तारीख नसलेल्या फोटोंना रस्ताच साक्षीदार. गेंडा सर्कल ते मनीषा चौक हा अटल पूल डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. त्या रस्त्यावरच्या धावकांच्या मागे नुसते खांब आणि पत्र्याचे अडसर दिसत असतील तर फोटो त्याआधीचा. पुलावर वाहनं दिसत असतील तर नंतरचा. मग दुकानाची पाटी, बिबवरचा (धावकाच्या छातीवरच्या नंबराच्या कागदावरचा) प्रायोजक आणि टी-शर्टचा रंग यांवरून वर्ष आवळत आणा.

अंतरासाठी धावकांच्या जीपीएस घड्याळावर विसंबू नका. बरोबर मोजलेल्या फुलमध्येही घड्याळ ४२.५ किंवा ४२.७ दाखवतं. धावणारा वळणं आतून कापत नाही, पाण्याच्या टेबलाकडे तिरका जातो, आणि पुलाखाली सिग्नल भरकटतो. एवढ्यावरून ‘मार्ग लांब होता’ असं लिहिणं चूक.

मान्य पद्धत सायकलची. पुढच्या चाकाच्या आसाला जोन्स काउंटर (चाकाचे फेरे मोजणारं यंत्र) लावतात. आधी पोलादी टेपने निदान ३०० मीटरचा सरळ पट्टा मोजून त्यावर चार फेऱ्या, मग पूर्ण मार्ग, मग पुन्हा त्याच पट्ट्यावर चार फेऱ्या. मार्ग कमी पडू नये म्हणून हजारी एक मीटर, म्हणजे फुलला सुमारे ४२ मीटर, जास्तीचे धरतात. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून सर्वांत जवळची रेषा पकडतात. गफलत होते ती तापमानाने. आपल्या हिवाळ्यात पहाटे गारठा आणि दुपारी चांगलं ऊन. टायर गरम झाला की फुगतो आणि काउंटरवर किलोमीटरला आकडे कमी पडतात. पहाटेच्याच हिशेबाने मार्ग आखला तर तो लांब होतो. म्हणून नंतरच्या चार फेऱ्या टाळायच्या नाहीत. दाखला मिळाला तर मोजणीची तारीख उतरवून घ्या. तो पाच वर्षंच चालतो, आणि तेही मार्ग तोच राहिला तर.

गर्दीचे आकडे

‘इतके हजार धावले’ ही बातमी जवळजवळ नेहमी नोंदणीचा आकडा असते, आणि त्यात पाच किलोमीटरची सगळी कुटुंबं, शाळा, कंपन्या आल्या. नोंदणी, सुटलेले आणि पोहोचलेले हे तीन वेगळे रकाने त्यासाठीच. पोहोचलेल्यांचा आकडा निकालाच्या यादीतल्या ओळी मोजून स्वतः काढा. फुल आणि हाफ सोडून बाकी गटांना चिप (धावकाची वेळ आपोआप नोंदवणारी) नसेल तर तिथे आकडा न देता ‘मोजणी नाही’ लिहावं, हे बरं.

निकाल

टायमिंग कंपनी बदलली की जुनी पानं गायब होतात. आज दिसतायत तोवर पीडीएफ करून ठेवा, आणि गायब झालेली वेबॅक मशीनवर (जुनी वेबपानं जपणाऱ्या संकेतस्थळावर) शोधून बघा. प्रत्येक वेळेपुढे ती गन टाइम (शर्यत सुटल्याच्या इशाऱ्यापासूनची) आहे की चिप टाइम (धावकाने सुरुवातीची पट्टी ओलांडल्यापासूनची) हे लिहा. गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या धावकाला त्या पट्टीपर्यंत पोहोचायलाच चार-पाच मिनिटं लागतात, आणि एका वर्षाची गन वेळ दुसऱ्या वर्षीच्या चिप वेळेशी लावली की खोटा विक्रम जन्माला येतो. विजेते मात्र गन वेळेवर ठरतात.

त्याच संध्याकाळचा निकाल आणि नंतर सुधारलेला निकाल, दोन्ही ठेवा. १९८० ला बोस्टनमध्ये रोझी रुईझला विजेती घोषित केलं, मग तिने मार्ग पूर्ण धावलाच नव्हता असं ठरलं आणि मान जॅकलिन गॅरोला गेला. दुसऱ्या दिवशीचं छापील पान तेवढं बघणारा आजही चुकेल.

धावकांची नावं इंग्रजी यादीत एक, गुजराती बातमीत दुसरं, असं होतंच. पवार आणि पंवार एकच की दोन, हे आडनावावरून ठरवू नका. बिब नंबर आणि वयोगट जुळवा.

महिलांचा रकाना पहिल्या वर्षापासून भरा, बातमीत त्यांच्यासाठी अर्धी ओळ असली तरी. बॉबी गिब १९६६ साली बोस्टन पूर्ण धावली, पण महिलांना अधिकृत प्रवेश मिळाला १९७२ साली, आणि तिच्या शर्यतींना मान्यता १९९६ साली. कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून ती मिळू शकली.

माणसं आणि वस्तू

मुलाखत घ्यायची तर विजेत्यांआधी पाण्याच्या टेबलावरचे, वैद्यकीय तंबूतले आणि रात्री बॅरिकेड लावणारे गाठा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका. ‘पाणी कितव्या किलोमीटरला संपलं?’, ‘शेवटचा माणूस किती वाजता आला?’ असं विचारा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, नाव आणि परवानगी बोलून घ्या.

बिब आणि प्रमाणपत्रं ३०० डीपीआयला स्कॅन करा, लहान फोटो ६०० ला. पदकं स्कॅनरवर चमकतात. त्यांचा फोटो खिडकीजवळ, बाजूने उजेड घेऊन काढा, म्हणजे मागच्या बाजूची कोरीव अक्षरं वाचता येतात. वेळेच्या थर्मल चिठ्ठ्या (उष्णतेने छापलेल्या) सर्वांत आधी स्कॅन करा, कारण दोन-तीन उन्हाळ्यांत त्या कोऱ्या होतात. लॅमिनेट मात्र करू नका, उष्णतेने अख्खी चिठ्ठी काळी पडते. फाइलला नाव देताना वर्ष आधी, मग गट, मग वस्तू: ‘२०१९-हाफ-बिब’. आणि शीटची एक प्रत सीएसव्हीमध्ये (कुठल्याही संगणकावर उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) काढून दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर ठेवा.