एक्स-पिंचचा पल्स दिसला? नाचण्याआधी या चुका तपासा

एक्स-पिंच म्हणजे फुलीसारख्या ठेवलेल्या बारीक तारांतून प्रचंड करंट सोडून क्ष-किरणांचा झटका काढणं. ऑसिलोस्कोपवर टोकदार पल्स उमटला की नवशिके लगेच फोटो काढतात. माझा प्रश्न ठरलेला असतो: क्ष-किरण टिपणारा डायोड झाकून शॉट (एक डिस्चार्ज) घेतलास का?

मीही घेतला नव्हता. तीन आठवडे देखणे पल्स जमवले, वहीत रोज 'उत्तम' लिहिलं. मग एका सहकाऱ्याने डायोडसमोर शिशाचा जाड तुकडा ठेवला. पल्स तसाच, तेवढाच उंच! क्ष-किरण नव्हतेच ते. स्पार्क गॅप (ठिणगीने चालू होणारा स्विच) पेटताना उठणारा विजेचा गोंगाट केबलने उचलला होता. सगळी पानं रद्द. तेव्हापासून रोजचा माझा पहिला शॉट झाकलेल्या डायोडचा. तरी शंका उरली तर केबल १० मीटरने वाढवतो. खरा सिग्नल सुमारे ५० नॅनोसेकंद उशिरा येतो. जागचा हलला नाही तर खोटा. हलला म्हणून खराच, असंही नाही, कारण डायोडपाशी शिरलेला गोंगाटही तितकाच सरकतो.

दुसरं दुखणं इंडक्टन्सचं, म्हणजे करंट बदलायला सर्किट करतं त्या विरोधाचं. एक्स-पिंचला ढोबळमानाने करंटला दर नॅनोसेकंदाला १ किलोअँपिअर चढ लागतो. ४० किलोव्होल्ट आणि सगळं सर्किट मिळून ४० नॅनोहेन्री, तर सुरुवातीला तो जेमतेम मिळतो. आता त्यात 'तात्पुरती' १० सेंटिमीटर वायर घाला. साधारण १०० नॅनोहेन्री वाढले, चढ ०.३ वर आला. मग म्हणतात, कपॅसिटर बँक मोठी करू! अहो, सुरुवातीचा चढ व्होल्टेज भागिले इंडक्टन्स; कपॅसिटन्स त्यात कुठे आला? रुंद पट्ट्या एकमेकींवर ठेवा, मध्ये मायलारचे (इन्सुलेटर प्लास्टिकचे) थर घाला. एक दिवस जाईल, जाऊ द्या.

प्लाझ्मा फोकसवाल्यांनो (म्हणजे गॅसमधल्या डिस्चार्जने प्लाझ्मा आवळणारं यंत्र चालवणाऱ्यांनो), नवा इन्सुलेटर बसवल्यावर पहिले काही शॉट वायाच जातात. लगेच गॅसचा दाब बदलत बसू नका.

डायोडसमोरच्या, उजेड अडवणाऱ्या फिल्टरची फॉइल दिव्यासमोर धरून बघा. सुईएवढं भोक असलं तरी डायोड प्लाझ्माचा उजेड मोजतो.

कपॅसिटर रिकामा करायची अर्थिंगची काठी नुसती टेकवून उचलू नका. कपॅसिटरवर व्होल्टेज हळूहळू परत चढतं, आणि ३० मायक्रोफॅरडच्या बँकेत १५ किलोव्होल्टला ३,३७५ जूल मावतात. माझा हात आत असेतो काठी टर्मिनलवर लटकलेलीच असते. 'एका मिनिटाचं तर काम आहे' म्हणणाऱ्याला मी चेंबरजवळ येऊ देत नाही.