प्लेटो वाचायला घेताय? आधी लिओन्टिअसला भेटा

एम.ए.च्या पहिल्या वर्षी माझ्या ट्यूटोरियलमधल्या एका वाक्याखाली सरांनी लाल रेघ मारली होती. वाक्य होतं, ‘प्लेटोच्या मते कला ही नकलेची नक्कल असल्याने त्याज्य आहे.’ समासात दोनच शब्द लिहिले होते: ‘कुणासाठी? का?’ वाक्य गाइडमधून उतरवलेलं, त्यामुळे उत्तर माझ्याकडे नव्हतं. माझं खरं वाचन त्या दोन शब्दांपासून सुरू झालं.

‘रिपब्लिक’ या प्लेटोच्या ग्रंथाचे दहा भाग आहेत. पलंगांचा दृष्टान्त दहाव्यात येतो. पलंगाचं मूळ रूप एकच, ते देवाने घडवलेलं. त्यावर नजर ठेवून सुतार लाकडी पलंग करतो आणि चित्रकार रंगवतो तो त्या लाकडी पलंगाचा नुसता दिसणारा भाग. बहुतेक जण इथूनच सुरुवात करतात. तुम्ही करू नका. आधी चौथा भाग काढा आणि लिओन्टिअसची गोष्ट वाचा.

हा माणूस पिरेअस बंदराकडून वर अथेन्स शहरात येत असतो. तटाच्या बाहेर जल्लादाजवळ प्रेतं पडलेली दिसतात. बघावंसं वाटतं आणि किळसही येते. तो तोंड झाकून घेतो, स्वतःशी झगडतो. शेवटी राहवत नाही तेव्हा डोळे फाडून प्रेतांकडे धावतो आणि आपल्याच डोळ्यांना म्हणतो, ‘घ्या मेल्यांनो, पोटभर बघून घ्या!’ वासना एकीकडे ओढते आणि संताप तिच्यावरच उलटतो. विवेक तिसराच. प्लेटोचे आत्म्याचे तीन भाग मला व्याख्येतून कधी कळले नव्हते, ते या एका माणसामुळे कळले.

आता ‘आत्मा’ या शब्दाबद्दल, कारण मराठी वाचक हमखास इथे अडतो. मूळ ग्रीक शब्द ‘प्सुखे’. आत्मा म्हटलं की आपल्या मनात गीता उभी राहते: निर्विकार, शस्त्राने न तुटणारा. प्लेटोही आत्म्याला अमर मानतो, पण त्याचा आत्मा भुकेजतो, चिडतो, भांडतो. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याच्या मते तर तो झाडालाही असतो, कारण झाड पोसतं आणि वाढतं. तो म्हणतो, डोळा हा एखादा प्राणी असता तर दृष्टी हा त्याचा आत्मा ठरला असता. मी वहीत ‘आत्मा’ खोडून ‘जीव’ लिहायला लागले. जीव तुटतो, जीव खालीवर होतो, जीव रमतो. हा शब्दही सगळीकडे चपखल बसत नाही, पण गीता मध्ये येईनाशी झाली.

एवढी तयारी झाली की दहाव्या भागाकडे परत या. पलंगांवर थांबू नका, पुढे जा. शोकांतिकेतला नायक छाती पिटून रडतो तेव्हा आपल्यातले भलेभलेही त्याच्यासोबत वाहून जातात आणि त्यात सुख मानतात, असं प्लेटो म्हणतो. एरवी विवेकाने आवरलेली रडण्याची भूक नाटक भागवतं आणि ती आणखी बळावते. त्याची खरी भीती ही आहे. होमरवर लहानपणापासून प्रेम असलेल्या माणसाने हे लिहावं, हे मला फार हलवून जातं. कवितेच्या बाजूने कुणी युक्तिवाद करावा, आम्ही तो आनंदाने ऐकू, असंही तो सांगून ठेवतो.

संदर्भ लिहिताना पुस्तकाचा पृष्ठक्रमांक देऊ नका. अनुवादांच्या समासात आकडे असतात, ते आंरी एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाच्या १५७८च्या आवृत्तीचे. लिओन्टिअस ४३९वर, पलंग ५९६पासून, रडणारा नायक ६०५वर. अनुवाद बदलला तरी हे आकडे बदलत नाहीत.

मग ॲरिस्टॉटलचं ‘काव्यशास्त्र’. विंदा करंदीकरांनी ते मराठीत आणलं आहे. सगळे सहाव्या प्रकरणातल्या ‘कॅथार्सिस’कडे, म्हणजे शोकांतिकेतून होणाऱ्या भावनांच्या विरेचनाकडे, धावतात. एका शब्दावर शतकानुशतके वाद चालू आहे, पहिल्या वाचनात तिथे अडकू नका. चौथं प्रकरण सावकाश वाचा. जे प्रत्यक्ष पाहताना त्रास होतो त्याचंच हुबेहूब चित्र पाहताना आपल्याला आनंद होतो, कारण ओळखण्यात, शिकण्यात आनंद आहे, असं तो तिथे म्हणतो. प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षं काढलेला हा माणूस उदाहरणं दोन देतो: क्षुद्र प्राणी, आणि प्रेतं.