एमएस प्रोजेक्टमध्ये सगळ्यांच्या सुट्ट्या आणि कामाच्या वेळा कशा सांभाळाव्यात

एमएस प्रोजेक्ट म्हणजे कामांचं वेळापत्रक आखायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर. त्यात कामांची यादी आणि माणसांची नावं तयार आहेत असं धरून चालतो. सुट्ट्यांची यादी मात्र एचआरकडूनच घ्या, नेटवरून उचलू नका. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांतल्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी आपसांत ठरवायच्या, त्यामुळे शेजारच्या कंपनीची यादी तुमच्या कामाची नाही.

‘प्रोजेक्ट’ टॅबवर ‘चेंज वर्किंग टाइम’ उघडा, ‘क्रिएट न्यू कॅलेंडर’ दाबा आणि ‘पुणे सहा दिवस’ असं ओळखू येईल ते नाव द्या. ‘स्टँडर्ड’ला हात लावायचा नाही. त्या नावाचं कॅलेंडर प्रत्येक फाइलमध्ये असतं, मग कुठलं बदललेलं आणि कुठलं कोरं हे सहा महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

आठवड्याचे वार आणि शिफ्टच्या वेळा ‘वर्क वीक्स’मध्ये भरा. भोसरीकडच्या वर्कशॉपला गुरुवारची सुट्टी आणि ऑफिसला रविवारची असेल, तर सरळ दोन कॅलेंडरं करा. दुसरा आणि चौथा शनिवार बंद असेल तर ते ‘एक्सेप्शन्स’मध्ये ‘मंथली’ पद्धतीने बसवा. तिथे ‘सेकंड सॅटरडे’ असं निवडता येतं. सणांना मात्र ‘इयरली’ लावू नका. गणेश चतुर्थी 2025 मध्ये 27 ऑगस्टला होती, 2026 मध्ये 14 सप्टेंबरला आहे. सॉफ्टवेअरला पंचांग कळत नाही.

कामं भरायच्या आधी ‘ऑप्शन्स’मधल्या ‘शेड्यूल’मध्ये जा. तिथे दिवसाचे 8 तास, आठवड्याचे 40 आणि महिन्याचे 20 दिवस असे आकडे आधीच बसवलेले असतात. हे आकडे कॅलेंडर बदलत नाहीत. तुम्ही ‘1 दिवस’ लिहिलंत की त्याचे तास किती धरायचे, एवढंच ते ठरवतात. समजा तुमची वेळ 9 ते 6 आणि जेवणाची सुट्टी अर्धा तास, म्हणजे साडेआठ तास. आकडा 8 च राहिला तर एक दिवसाचं काम साडेपाचला संपतं, पुढचं त्याच संध्याकाळी साडेपाचला सुरू होतं आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी जातं. पाच-सहा कामांनंतर तारखा पाहून डोकं फिरतं. आणि कामं भरून झाल्यावर 8 चे साडेआठ केलेत तर आधीचं प्रत्येक ‘1 दिवस’ 0.94 दिवस दिसायला लागतं. म्हणून हे आधी करा.

आता खरी मेख. ‘प्रोजेक्ट इन्फर्मेशन’मध्ये आपलं कॅलेंडर निवडलं, गँट चार्टवर (कामं तारखांवर आडव्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या तक्त्यावर) दिवाळीचे दिवस करडे झाले, आणि तरीही सुतार लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कामावर! मीही इथे बराच काळ अडकलो होतो. कारण असं, की कामाला माणूस नेमला की तारखा त्या माणसाच्या कॅलेंडरवर चालतात. प्रोजेक्टचं कॅलेंडर फक्त बिनमाणसाच्या कामांना लागतं. प्रोजेक्टचं कॅलेंडर बदललं म्हणून आधीच भरलेल्या माणसांचं आपोआप बदलत नाही. ‘रिसोर्स शीट’ उघडा आणि ‘बेस कॅलेंडर’ हा रकाना वरून खालपर्यंत नजरेखालून घाला. एकाही माणसापुढे ‘स्टँडर्ड’ उरलेलं चालणार नाही.

करड्या पट्ट्यांवर भरवसा ठेवू नका. त्या मुळात प्रोजेक्टच्या कॅलेंडरच्या असतात, माणसाच्या नाहीत. खात्री करायची तर एक खोटं काम घाला, सुट्टीच्या आदल्या दिवशी सुरू होणारं, दोन दिवसांचं. त्याला एक माणूस नेमा आणि ते कधी संपतं बघा. प्रत्येक कॅलेंडरसाठी एकदा. मग ते काम काढून टाका.

या अडचणीवर एक सल्ला हमखास मिळतो: कामाला स्वतंत्र कॅलेंडर लावा आणि ‘शेड्यूलिंग इग्नोअर्स रिसोर्स कॅलेंडर्स’वर टिक करा. करू नका. तारीख जागेवर येते, पण त्या माणसाची रजा त्या कामाला दिसेनाशी होते. रात्रीच मिळणाऱ्या शटडाउनसारख्या कामाला ती टिक ठीक आहे, बाकी कुठे नाही. स्लॅबवर सात दिवस पाणी मारायचं असेल तर तेही या टिकेचं काम नाही. कालावधी ‘7ईडी’ असा इंग्रजीत (7ed) लिहा, म्हणजे सुट्ट्या न वगळता सलग सात दिवस मोजले जातात.

वैयक्तिक रजा त्या माणसाच्या नावावर डबल-क्लिक करून त्याच्याच ‘चेंज वर्किंग टाइम’मध्ये. ‘रजा’ नावाचं काम यादीत घालणाऱ्यांना मी हात जोडतो.

एकाच माणसांवर तीन-चार फाइली चालत असतील तर फक्त माणसांची एक वेगळी फाइल करा आणि बाकीच्या ‘शेअर रिसोर्सेस’ने तिला जोडा. जोडताना ‘पूल टेक्स प्रिसिडन्स’ निवडा, म्हणजे माहितीत तफावत आली तर माणसांच्या फाइलचं चालतं. रजा भरणारी व्यक्ती एकच ठेवा. ती फाइल बदलांसाठी उघडून कोणी जेवायला गेलं, तर तेवढा वेळ बाकीच्यांना तिच्यात काही बदलता येत नाही.

‘ऑर्गनायझर’मधून कॅलेंडर दुसऱ्या फाइलमध्ये नेता येतं, पण जाते ती प्रत. आज नेलंत आणि उद्या इथे सुट्टी वाढवलीत, तर तिथे ती पोचत नाही. पुन्हा न्यावं लागतं. कोणत्या फाइलींत नेलंय याची यादी ठेवा, आणि डिसेंबरात पुढच्या वर्षाचे सण भरलेत की त्याच यादीने एकेक फाइल उघडा.