उद्यमबागेत नव्याने लागणाऱ्यांसाठी: ‘कट’ कसा वाचायचा

आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत कामाला लागलात की दिवसभर कानावर पडणारा शब्द म्हणजे ‘कट’. घरचा कट आमटीचा किंवा मिसळीचा. शेजारच्या मशीनवरचा कानडी गडी ‘कट्टु’ म्हणाला, तर कापायचं नाही, बांधायचं. जॉब कार्डावरचा, म्हणजे काय काम करायचं ते लिहिलेल्या कागदावरचा, इंग्रजी कट तिसराच.

कार्डावर ‘कट’च्या पुढचा शब्द आधी बघा. 200 मिमीच्या बारला ‘कट टू 50’ म्हटलं असेल तर 50 मिमीचा तुकडा हवा. ‘कट बाय 50’ असेल तर 50 काढायचे, 150 ठेवायचे. माल भंगारात जातो तो इथेच. शिवाय या क्रियापदाची तिन्ही रूपं एकच, त्यामुळे ‘कट 12 पीसेस’ हा हुकूमही असू शकतो आणि काम झाल्याची नोंदही. तारीख आणि सही बघा, तरी कळलं नाही तर विचारा. न विचारता दुसऱ्या पाळीत 12 चे 24 होतात.

लेथवरची, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) फिरवून कापणाऱ्या मशीनवरची, ‘डेप्थ ऑफ कट’ (कटाची खोली) त्रिज्येवर धरतात. 50 चा व्यास 46 करायचा तर एकूण कट 2 मिमीचा, 4 चा नव्हे. जॉब फिरत असल्यामुळे दोन्ही बाजूंनी 2-2 जातात. पण काही मशीनच्या डायलवर आकडे व्यासाचे असतात, तिथे 4 च फिरवावे लागतात. म्हणून अनोळखी मशीनवर आधी हलका कट घ्या, मायक्रोमीटरने किती उतरलं ते मोजा, मगच पुढे जा.

सगळ्यात फसवा शब्द ‘अंडरकट’. ड्रॉइंगमध्ये आट्यांच्या शेवटी तो दाखवला असेल तर ती मुद्दाम घ्यायची खाच, टूलला बाहेर पडायला जागा म्हणून. वेल्डिंगच्या तपासणीत मात्र तोच दोष ठरतो: करंट जास्त आणि हात घाईचा, की सांध्याच्या कडेला धातू वितळतो आणि खाच न भरताच राहते.

‘सेकंड कट’ कानस म्हणजे दुसरी फेरी नव्हे. ‘बास्टर्ड’ कानशीपेक्षा बारीक, ‘स्मूथ’ कानशीपेक्षा जाड दातांची. पगाराच्या वेळी ऐकू येणारा ‘पीएफ कट’ तुमच्याच खात्यात जमा होतो, त्यावरून वाद घालू नका.

आणि ‘कटआउट बघ रे’ अशी हाक आली तर चौकातल्या पुढाऱ्याकडे बघू नका. इथे कटआउट म्हणजे फ्यूज, आणि तो गेलाय. हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.