आडवाटेची सहल आखताना: आधी अडणारा टप्पा शोधा

एखादी जागा देखणी असूनही तिथे गर्दी नसेल, तर त्याला बहुतेक वेळा ठोस कारण असतं. सकाळी एकदाच सुटणारी बोट, जूनपर्यंत बर्फात असणारी खिंड, दुपारी फुगणारी नदी. हा एक टप्पा जमला की बाकीचा प्रवास सहसा सोपा जातो. त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या टप्प्याचा महिना आणि वेळ पक्की करा, मग त्याच्या मागे-पुढे तारखा मांडा आणि लगेच नंतरचा एक दिवस मोकळा ठेवा. यादीत हमखास असाव्यात अशा तीन जागा घेऊन हे पाहू.

जॉर्जियातला स्वानेती प्रांत तिघांत सरस. घरांना लागून उभे असलेले मध्ययुगीन दगडी बुरूज आणि त्यांच्यामागे कॉकेशसची हिमशिखरं, असं दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसतं. अप्पर स्वानेती १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. मेस्तिया (सुमारे १५०० मीटर) ते उशगुली (सुमारे २१०० मीटर) हा चार दिवसांचा, साधारण ५५ किलोमीटरचा ट्रेक आहे. झाबेशी, आदिशी आणि इप्रारी असे मुक्काम करता येतात. वाटेवरच्या गावांत लोकांच्या घरी राहण्या-जेवणाची सोय होते, त्यामुळे तंबू वाहून न्यायची गरज नाही. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जावं. तिबिलिसीहून रेल्वेने झुग्दिदी आणि तिथून मिनीबसने मेस्तिया गाठता येतं.

इथे अडतं ते तिसऱ्या दिवशी. आदिशी सोडल्यावर हिमनदीतून येणारी आदिशचाला नदी आडवी येते आणि तिच्यावर कायमच्या पुलाचा भरवसा धरता येत नाही. रात्री थंडीमुळे बर्फ कमी वितळतो, म्हणून सकाळी पाणी उतरलेलं असतं. ऊन चढेल तसं तेच पात्र काही तासांत गढूळ आणि जोरकस होतं. म्हणून आदिशीतून उजाडताच निघा. हंगामात स्थानिक घोडेवाले पैसे घेऊन पलीकडे सोडतात, पण उशिरा पोहोचलात तर ते भेटतीलच असं नाही. घोडा घेणं हाच शहाणपणा. चालतच जायची वेळ आली तर पात्र जिथे रुंद होऊन फाटे फुटलेत तिथून उतरा, कारण अरुंद जागी पाणी खोल असतं. मोजे काढा, बूट मात्र घालूनच ठेवा, नाहीतर गार पाण्यात पाय बधिर होऊन गोट्यांवरून सटकतात. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक झटकता येईल. तोंड पाणी जिथून येतं त्या वरच्या बाजूला, काठीचा आधार, एका वेळी एकच पाऊल. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येत असेल तर उतरायचंच नाही. आदिशीला परता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी या. मोकळा दिवस ठेवायचा तो यासाठीच. नदीनंतर सुमारे २७०० मीटरची खिंड चढायची असते. चढताना समोर आदिशीची अख्खी हिमनदी दिसते, तेव्हा घाई करू नका.

अल्बानियात वाल्बोना ते थेथ ही वाट एका दिवसाची, सहा ते आठ तासांची. खिंड सुमारे १८०० मीटरवर आहे आणि मेअखेरपर्यंत, कधी जूनमध्येही तिथे बर्फ असतो. अवघड चढाईपेक्षा सगळ्यांचा खोळंबा होतो तो बोटीपाशी. श्कोदर शहरातून पहाटे निघणाऱ्या मिनीबसने कोमान, तिथून कोमान जलाशयातून साधारण अडीच तासांच्या बोटीने फिएर्झा, मग पुन्हा मिनीबसने वाल्बोना असा क्रम आहे. बोट चुकली की दिवस गेला, म्हणून मिनीबस आणि बोट दोन्ही आदल्या दिवसापर्यंत ठरवून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये आणखी आधी. मोठी बॅग श्कोदरच्या मुक्कामीच ठेवा, थेथहून परत तिथेच यायचं असतं. वाल्बोनाच्या बाजूला सुरुवातीची वाट पांढऱ्या गोट्यांच्या कोरड्या पात्रातून जाते. सावली जवळजवळ नाही, म्हणून सकाळी लवकर निघा आणि माणशी दोन लिटर पाणी घ्या. थेथकडचा सुमारे हजार मीटरचा उतार गुडघ्यांची परीक्षा घेतो. काठ्या चढापेक्षा इथेच कामी येतात. पुरेशी रोकड श्कोदरमध्येच काढून ठेवा.

किर्गिझस्तानातलं सोंग-कुल सरोवर ३०१६ मीटरवर आहे. चौफेर कुरणं, मोकळे घोडे, एकही झाड नाही. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पशुपालक काठावर यर्ट (गोल तंबू) उभारतात आणि पाहुण्यांना त्यातच ठेवून घेतात. चूक होते ती वेगामुळे. बिश्केक सुमारे ८०० मीटरवर आहे. तिथून गाडीने एकाच दिवसात सरोवर गाठलं की शरीराला सव्वादोन हजार मीटरची उडी पडते आणि रात्री डोकं ठणकून मळमळायला लागतं. सुमारे १८०० मीटरवरच्या कोचकोरला निदान एक रात्र, जमल्यास दोन रात्री काढा. डोकेदुखीसोबत उलटी सुरू झाली किंवा चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, तेव्हा गरम टोपी आणि जाड थर लागतातच. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. नकाशे आधी उतरवून घ्या, पॉवर बँक भरून न्या आणि प्रवास विम्यात ३००० मीटरवरचा ट्रेक व घोडेस्वारी दोन्ही धरलेत का, हे पॉलिसीत वाचून मगच हप्ता भरा.