मोठ्या स्लॅबचं काँक्रीट: आधी गाड्यांचं गणित

१८० घनमीटरचा स्लॅब म्हणजे तयार काँक्रीट आणणाऱ्या, ६ घनमीटरच्या ३० गाड्या. पंप तासाला ३० घनमीटर ओढत असेल, तर दर १२ मिनिटांनी एक गाडी हवी. काँक्रीट बनवणाऱ्या प्लांटला नुसतं ‘सकाळी पाठवा’ सांगू नका. तीन गाड्या एकदम येतात, मग दोन तास कोणी नाही, आणि कोल्ड जॉइंट पडतो, म्हणजे आधीचं काँक्रीट घट्ट झाल्यावर नवं त्याच्याशी नीट जुळत नाही.

गाडी आली की चलनावर बॅचिंगची, म्हणजे प्लांटवर माल मिसळल्याची वेळ बघा. तिथून दोन तासांत ती रिकामी व्हायला हवी. स्लम्प, म्हणजे काँक्रीटचा ओलेपणा-सैलपणा, कमी दिसला की कोणीतरी पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतोच. तो हात तिथेच धरा: ताकद जाते ती इथे. ॲडमिक्श्चर (काँक्रीट सैल करणारं रसायन) घालायचं तर प्लांटच्या माणसाकडूनच. एवढ्या कामाला ताकद तपासायला ७ नमुने, प्रत्येकी तीन, म्हणजे २१ क्यूब (काँक्रीटचे ठोकळे). प्रत्येकावर गाडीचा नंबर. काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटर एक जादा ठेवा, बंद पडतो तो नेमका बीमच्या गजांच्या गर्दीत.